सोळा वर्षं थांबायचं कशासाठी?

दिव्यांग व्यक्तींना साधनं पुरवणारी केंद्र सरकारची ॲडिप योजना १९८१ पासून चालू आहे. कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्रं, तीनचाकी सायकली, व्हीलचेअर असं बरंच काही या योजनेतून गावोगावच्या घरांत पोहोचलं. २०१४ साली सुधारलेल्या तिच्या नियमांत मोटारवर चालणारी तीनचाकी आणि मोटारची व्हीलचेअर यांचीही सोय आहे. त्याची एक अट अशी की लाभार्थीचं वय १६ वर्षं किंवा त्याहून जास्त हवं. त्यापुढे आणखी एक तरतूद आहे. ज्यांना बौद्धिक अक्षमताही आहे, त्यांना सोळा पूर्ण झाल्यावरही हे साधन मिळणार नाही, कारण त्यांना अपघाताचा धोका आहे.

नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर रस्ता असावा. सोळाव्या वर्षी बिनगियरच्या छोट्या दुचाकीचं लायसन्स मिळतं, मग मोटारची खुर्चीही तेव्हाच, असा हिशेब वाटतो. मोठ्या माणसाच्या तीनचाकीसाठी तो ठीकही असेल. पण मोटारच्या साधनाची गरज सुरू होते ती दहाव्या-बाराव्या महिन्यात, घराच्या फरशीवर. ज्या मुलाचे पाय त्याला कधीच नेणार नाहीत, किंवा फार उशिरा आणि फार कष्टाने नेतील, त्याला स्वतःच्या मर्जीने हलता येण्याचं साधन पहिल्या तीन वर्षांत मिळालं पाहिजे. हा हट्ट नाही. मूल हलतं तेव्हा त्याच्या मेंदूत काय घडतं याबद्दल गेल्या साठ वर्षांत जे कळलं आहे, त्यातून निघणारी ही मागणी आहे.

आठव्या-नवव्या महिन्यात मूल रांगायला लागलं की घर बदलतं. देवघरातली घंटा वरच्या फळीवर जाते, चपला दाराबाहेर जातात, कांद्या-बटाट्याची टोपली ओट्यावर येते, मोरीच्या दाराला कडी लागते. घरातली माणसंही बदलतात. ‘नको’, ‘तिथे नाही जायचं’, ‘ये इकडे’ हे शब्द तेव्हा पहिल्यांदा घरात घुमू लागतात. मूल दाराआड जाऊन मागे वळून बघतं, आई बघते आहे का याचा अंदाज घेतं, आणि मग पुढे जातं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची पावलं मोजली. खेळताना एका तासात ती सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. दिवसाकाठी हा आकडा किती होईल याचा विचार करा. त्यातल्या प्रत्येक पावलामागे मुलाचा स्वतःचा एक निर्णय आहे.

आता स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या दुसऱ्या प्रकाराचं मूल डोळ्यांसमोर आणा. ते बसतं, बोलतं, त्याची बुद्धी चांगली तल्लख असते, पण स्वतःच्या पायांवर ते चालत नाही. किंवा तीव्र सेरेब्रल पाल्सीचं मूल, ज्याचे हातपाय ताठरतात आणि खेळण्याकडे वळायचं म्हटलं तर सगळं शरीर उलट्या दिशेला ओढलं जातं. ही मुलं एका जागी ठेवली जातात आणि तिथून उचलून दुसरीकडे ठेवली जातात. खिडकीपाशी जायचं तर कोणीतरी न्यायला हवं, परत यायचं तरी कोणीतरी आणायला हवं. घरात प्रेमाला तोटा नसतो. आजी, मावशी, काका, कुणी ना कुणी कडेवर घेतच असतं. पण जायचं कुठे, थांबायचं कुठे, हे ज्याची कड असेल तो ठरवतो. तीन वर्षांचं होईपर्यंत हे मूल मागायचं सोडून देतं. मग पाहुणे म्हणतात, किती शांत आहे हो, अजिबात त्रास नाही. या शांतपणाला मी घाबरते. तो स्वभाव नसतो, आपण मागून काही होत नाही हे पुन्हा पुन्हा अनुभवल्यावर आलेला असतो.

कडेवरून जग दिसतं, मग फरक काय, असं विचारलं जातं. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी मांजरीच्या पिल्लांवर केलेला प्रयोग याच प्रश्नाचं उत्तर आहे. अंधारात वाढवलेली पिल्लं उजेडात आणताना जोडीजोडीने एका रहाटासारख्या यंत्राला जोडली. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी गोल फिरे. दुसरं टांगलेल्या पेटीत बसून त्याच्याबरोबर ओढलं जाई. दोघांना दिसत होतं सारखंच. पण नंतर मोकळं सोडल्यावर चाललेल्या पिल्लाला कुठे किती खोल आहे याचा अंदाज होता, जमीन जवळ आली की ते पाय पुढे करत होतं. पेटीतल्या पिल्लाला हे जमत नव्हतं. (प्राण्यांवर असे प्रयोग आज कुणी करू नयेत. पण झालेल्या प्रयोगातून जे समजलं, ते तरी वाया जाऊ नये.)

माणसाच्या बाळांबद्दलचा पुरावा मला याहून मोलाचा वाटतो, कारण त्यात मोटारचं साधन थेट येतं. उंचीची भीती वयानुसार आपोआप येते असं पूर्वी धरून चालत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथले जोसेफ कँपोस आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं वेगळं सांगत होते. ती भीती वयाने येत नाही, रांगण्याच्या अनुभवाने येते, असं त्यांचं म्हणणं. ऑडन डाल आणि मंडळींचा २०१३ चा अभ्यास त्यावर शिक्कामोर्तब करतो. अजून रांगायला न लागलेल्या निरोगी बाळांना त्यांनी जॉयस्टिक ओढली की पुढे जाणाऱ्या छोट्या मोटारगाडीत बसवलं, काही आठवडे, रोज थोडा वेळ. मग त्यांना काचेखाली खोल खड्डा दिसेल अशा जागेवर धरलं. गाडी चालवलेल्या बाळांच्या हृदयाचे ठोके वाढले. न चालवलेल्यांचे वाढले नाहीत. बाळाने स्वतःचे हातपाय टेकून प्रवास केलेला नव्हता, मोटारने केला होता. तरीही मेंदूत जे घडायला हवं ते घडलं, कारण कुठे जायचं हे त्या बाळाच्या हातात होतं.

म्हणजे पाय हे त्या वाढीचं एकमेव साधन नाही. अपंग मुलाच्या बाबतीत यापेक्षा मोठी दिलाशाची गोष्ट मला माहीत नाही.

अशा मुलांवर थेट झालेली कामंही आहेत. शार्लीन बटलर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलं होतं की दोन वर्षांच्या आसपासची अपंग मुलं मोटारची खुर्ची चालवायला शिकतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात फिजिओथेरपीचे प्राध्यापक कोल गॅलोवे आणि यंत्रअभियांत्रिकीचे प्राध्यापक सुनील अगरवाल यांनी मिळून बाळांसाठी छोटे रोबो बनवले. २००९ मध्ये त्यांच्या गटाने स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला असणं) असलेल्या सात महिन्यांच्या बाळाला जॉयस्टिकची गाडी शिकवल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ते बाळ पुढच्या महिन्यांत गाडी चालवायला शिकलं आणि त्याची समज व भाषाही वेगाने वाढली. मारिया जोन्स, आयरीन मॅकिवन आणि बार्बरा नीस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास जास्त काटेकोर होता. १४ ते ३० महिन्यांची २८ मुलं, सगळ्यांना तीव्र शारीरिक अक्षमता. चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या थेरपीबरोबर वर्षभर मोटारची व्हीलचेअर दिली, दुसऱ्याला फक्त थेरपी. वर्षाअखेर खुर्ची मिळालेल्या मुलांची हालचाल सुधारली, त्यांना लागणारी मोठ्यांची मदत कमी झाली. आणि आणखी एक गोष्ट वाढली, ती म्हणजे दुसऱ्याने बोललेलं समजणं. खुर्चीने भाषा कशी सुधारली, असं वाटेल. पण ‘ये इकडे’ हे वाक्य कळायला इकडे येता यावं लागतं.

अठ्ठावीस ही संख्या लहान आहे, हे खरं. या क्षेत्रातले बहुतेक अभ्यास लहान आहेत, काही तर एका-दोन मुलांचे आहेत. पण सोळा वर्षं थांबल्याने मुलाचं भलं होतं असं सांगणारा पुरावा कुणी पुढे केलेला नाही. पुराव्याचं ओझं फक्त मुलाच्या बाजूने मागणाऱ्यावरच का टाकायचं?

आई-वडिलांचा पहिला आक्षेप वेगळाच असतो, आणि तो मनापासूनचा असतो. गाडीची सवय लागली तर चालायचा प्रयत्नच करणार नाही. खुर्ची आणली म्हणजे आपण हार मानली. कित्येक कुटुंबं मुलाच्या सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत मालिश, इंजेक्शनं, कॅलिपर, नवस यांच्यामागे असतात आणि खुर्चीचा विषय काढला की आईच्या डोळ्यांत पाणी येतं. त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. इटलीतल्या बोत्तोस आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या अभ्यासातही सुरुवातीला नाराज असलेले बहुतेक पालक मुलाला खुर्ची चालवताना पाहिल्यावर बदलले. चालण्याची धडपड खुर्चीमुळे मंदावते असं अभ्यासांतून पुढे आलेलं नाही. आणि आपल्याकडे तर धडधाकट मुलाच्या हातात पांगुळगाडा देण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. आजोळहून लाकडी पांगुळगाडा यायचा, मूल तो ढकलत ओटीभर फिरायचं, आणि आता हे आयुष्यभर चाकांवरच राहील अशी शंका कुणाच्या मनात येत नसे. चाकांना आपण भीत नाही. दुबळ्या मुलाच्या हातातल्या चाकांना भितो.

गॅलोवे यांच्या मंडळींनी या शंकेला कामातूनही उत्तर दिलं आहे. उभं राहण्याचा सराव हवा असलेल्या मुलांसाठी त्यांनी गाडीचं बटण असं बसवलं की मूल उभं राहिलं तरच गाडी चालते, बसलं की थांबते. व्यायाम आणि हिंडणं एकाच वेळी. अमुक सेकंद उभं राहा असं सांगून जे मूल रडतं, ते गाडी पुढे न्यायला आपणहून उभं राहतं.

दुसरा आक्षेप समजेचा. एवढ्याशा मुलाला काय कळणार, आणि ज्याची बुद्धी कमी त्याला तर मुळीच नाही. ॲडिपची ती दुसरी तरतूद याच समजुतीवर उभी आहे. स्वीडनच्या लिस्बेथ निल्सन यांनी फार खोल बौद्धिक अक्षमता असलेली मुलं जॉयस्टिकच्या खुर्चीत बसवली आणि वर्षानुवर्षं त्यांचं निरीक्षण केलं. आधी मुलाला हे कळतं की काहीतरी हललं. मग कळतं की आपला हात लागल्याने हललं. कुणी तिथेच थांबतं, कुणी दिशा धरायला शिकतं. पण आपण केलं आणि झालं, एवढं उमगणं हीसुद्धा त्या मुलासाठी मोठी मजल आहे. चालवता येण्यासाठी आधी समज हवी असं आपण धरून बसतो. समज बऱ्याचदा चालवता चालवताच येते. शिवाय न बोलणाऱ्या, न हलणाऱ्या मुलाची बुद्धी मोजणार कशी? बटण दाबून गाडी थेट आजीकडे नेणारं मूल कागदावरच्या शेऱ्यापेक्षा बरंच काही सांगून जातं.

अपघाताचं काय? तासाला १७ वेळा पडणारी मुलं आपण मोकळी सोडतो, कारण पडल्याशिवाय चालणं येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. गाडीतलं मूल भिंतीवर आपटेल, एका जागी गोल गोल फिरेल, ताईच्या पायावरून चाक नेईल. सुरुवातीचे दिवस असेच जायला हवेत. वेग माणसाच्या चालीहून कमी ठेवता येतो, पट्टा लावता येतो, पाठीला आणि मानेला आधार देता येतो, हात बटणावरून उठला की गाडी थांबते. जिना, गच्ची आणि विहीर यांच्यापासून लांब राहावं लागतं, तसं ते प्रत्येकच मुलाच्या बाबतीत राहावं लागतं.

पैशांचा प्रश्न मात्र खरा आहे. १ ते ३ वर्षांच्या मुलांसाठी खास बनवलेलं ‘एक्स्प्लोरर मिनी’ हे जॉयस्टिकचं साधन २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजूर केलं. आपल्याकडच्या बहुतेक घरांना अशी आयात साधनं परवडण्यासारखी नाहीत. गॅलोवे यांनी यावर काढलेली वाट म्हणून तर जगभर पसरली. ‘गो बेबी गो’ या नावाने त्यांनी बाजारातल्या बॅटरीच्या खेळण्यातल्या गाड्या घेतल्या, पायाखालच्या पॅडलची वायर काढून तिला हाताने दाबता येईल असं मोठं बटण जोडलं, प्लॅस्टिकच्या पाइपांची चौकट, फोम आणि पट्ट्यांनी बसण्याची जागा नीट केली. तशाच गाड्या आज आपल्या तालुक्याच्या गावीही खेळण्यांच्या दुकानात काही हजार रुपयांना मिळतात. बॅटरी, मोटार, वायरिंग दुरुस्त करणारा माणूस ई-रिक्षांमुळे आता कुठेही भेटतो. आयटीआय आणि तंत्रनिकेतनातल्या मुलांना हे काम सहज येईल. बटण कुठे बसवायचं, हाताशी, हनुवटीपाशी की डोक्यामागे, आणि मुलाला कसं बसवायचं, हे मात्र थेरपिस्टनेच ठरवायला हवं. चुकीच्या बैठकीने खुबा आणि पाठीचा कणा बिघडतो.

एक सूचना पालकांसाठी. या गाड्यांबरोबर रिमोट येतो, आणि हौसेने आई-बाबाच गाडी चालवतात. मूल हसतं, व्हिडिओ छान निघतो. पण तेव्हा ते पुन्हा पेटीतलं पिल्लू झालेलं असतं. रिमोट फक्त थांबवण्यासाठी हातात ठेवा.

घर लहान असतं, उंबरे असतात, बाहेर चिखल असतो. एका खोलीच्या घरात गाडी ठेवायची कुठे? अमेरिकेतल्या मोठ्या घरांतही गाडी मिळाल्यावर कुटुंबांनी ती ठरल्यापेक्षा कमी वापरल्याचं दिसलं आहे, कधी पावसामुळे, कधी ती उचलून नेणं जड म्हणून. म्हणून प्रत्येक घराला एक गाडी हा आपल्याकडचा मार्ग नाही असं मला वाटतं. अंगणवाडी, शाळेचा हॉल, देवळाचा सभामंडप, थेरपी केंद्राचा व्हरांडा इथे गाडी ठेवावी आणि रोज वीस-तीस मिनिटं मुलाने ती चालवावी. तिथे दुसरी मुलंही असतात, ही त्यातली सगळ्यात चांगली बाजू. ढकलगाडीतल्या मुलाकडे इतर मुलं लांबून बघतात. तेच मूल लाल गाडी चालवत आलं की भोवती गराडा पडतो आणि ‘मला दे ना एकदा’ असं भांडण सुरू होतं. कुणीतरी आपल्याशी भांडावं, हे त्या मुलाच्या वाट्याला आधी कधी आलेलं नसतं.

लहान मुलाचं साधन दोन वर्षांत अपुरं पडतं, म्हणून ते वाटण्यापेक्षा फिरतं ठेवणं शहाणपणाचं. इंग्लंडमधल्या बाथची डिझाइनॅबिलिटी ही संस्था ‘विझीबग’ नावाची मोटारची छोटी खुर्ची पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना विनामूल्य वापरायला देते. मूल मोठं झालं की ती परत येते, तपासून पुढच्या मुलाकडे जाते. आपल्याला यात नवल वाटायला नको. महाराष्ट्रात लहानमोठ्या गावांत गणेश मंडळं, ट्रस्ट, ज्येष्ठ नागरिक संघ रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं चालवतात. अनामत ठेवून वॉकर, कमोडची खुर्ची, हवेची गादी न्यायची आणि गरज सरली की परत करायची. त्या कपाटांशेजारी दोन-चार छोट्या गाड्या उभ्या राहायला कुणाची परवानगी लागत नाही.

सरकारकडे तर सांगाडा तयार आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच पालघरमधून झाली. या कार्यक्रमातली पथकं अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासतात आणि वाढीत मागे पडलेल्यांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. २०२३ मध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही ठरवून दिली. म्हणजे दोन वर्षांचं मूल सापडतं, त्याच्या नावाची नोंद होते, व्यायाम सांगितले जातात, आणि हलण्याचं साधन मागितलं की उत्तर येतं सोळा वर्षं. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सगळ्यांनी उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. २०२२ पासून राज्याला स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. हाच राज्यकारभार दिव्यांगांना फिरत्या दुकानासाठी ई-वाहन देतो आणि ते योग्यच आहे. कमावणाऱ्या हातांना चाकं मिळावीत. पण खेळणाऱ्या मुलालाही ती मिळावीत. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारताने २००७ मध्ये मान्यतेची मोहोर उमटवली. त्याचं विसावं कलम स्वतःच्या मर्जीने, हव्या त्या वेळी हिंडण्याफिरण्याबद्दल आहे, आणि त्यात वयाची अट नाही.

ॲडिपमधली वयाची अट काढून तिच्या जागी थेरपिस्टचं मूल्यमापन ठेवावं. बौद्धिक अक्षमतेवरून सरसकट नकार देणारी तरतूद रद्द करावी. रस्त्यावर जाणारी तीनचाकी आणि घरात-अंगणवाडीत चालणारी लहान मुलाची गाडी यांचे नियम वेगळे असावेत. दिव्यांगांची साधनं बनवणाऱ्या कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीने सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी बसायची खुर्ची बनवली आहेच, तिच्याखाली बटणावर चालणारा चाकांचा पाया बनवणं त्यांच्या अभियंत्यांना जड नाही. आणि हे होईपर्यंत एखाद्या जिल्ह्याने, मी तर म्हणेन पालघरनेच, आपल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात दहा गाड्यांपासून सुरुवात करावी. नोंद किती गाड्या वाटल्या याची ठेवू नये. मुलाने आठवड्यात किती मिनिटं स्वतः गाडी चालवली, याची ठेवावी. पहिल्या वर्षी त्यातल्या दोन-तीन कोपऱ्यात पडून राहतील. चार्जर हरवेल, बटण सैल होईल, एखाद्या आईला बसचं तिकीट परवडणार नाही. कारण प्रत्येक वेळी रजिस्टरमध्ये लिहून ठेवावं, म्हणजे दुसऱ्या वर्षी गाड्यांबरोबर चार्जर किती घ्यायचे आणि बसभाड्यासाठी किती रक्कम मागायची हे केंद्राला सांगता येईल.